फस्स म्हणजे शिवणे नव्हे : एका रूढ भाषांतराची चिकित्सा

पटिच्चसमुप्पादाच्या बारा अंगांत सहावे अंग 'फस्स' हे आहे. मराठीत लिहिल्या गेलेल्या धम्मविषयक पुस्तिकांत, विहारांतील फलकांवर आणि पालि अभ्यासक्रमाच्या टिपणांत या पदापुढे बहुधा 'स्पर्श' हा एकच शब्द छापलेला आढळतो. आम्हीही कित्येक वर्षे वर्गात हाच शब्द वापरीत आलो. शब्द व्युत्पत्तीने चुकीचा नाही. 'फुस' या धातूचा अर्थच स्पर्श करणे असा आहे आणि संस्कृत अभिधर्मग्रंथांतही 'स्पर्श' हेच पद येते. तेव्हा ज्या भाषांतरकारांनी तो स्वीकारला त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तरीही हा शब्द मराठी वाचकाच्या, आणि विशेषतः आपल्या समाजातील वाचकाच्या, कानावर कोणता अर्थ घेऊन पडतो याचा विचार पुरेसा झालेला नाही, असे आम्हांस वाटते.

हा विचार आम्हांस एका प्रश्नामुळे करावा लागला. वर्षावासातील एका प्रवचनमालेत आम्ही बारा अंगे समजावून सांगत होतो. सळायतनामुळे स्पर्श, स्पर्शामुळे वेदना, वेदनेमुळे तृष्णा. आणि उलट क्रमाने, स्पर्शाच्या निरोधाने वेदनेचा निरोध, असे सांगून झाल्यावर मागे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने हात वर केला. "सर, लहानपणी आमच्या गावचा दुकानदार पैसे वरनं टाकायला लावायचा. त्यावर पाणी शिंपडायचा अन् मग उचलायचा. त्यानं कधी आमाला शिवून घेतलं न्हाई. मग तुमच्या हिशेबानं तो दुःखातनं सुटला म्हणायचा का?" वर्गात कोणी हसले नाही. आम्ही काहीतरी उत्तर दिले. कायिक स्पर्श आणि मानसिक स्पर्श असा काही भेद सांगितला. त्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या स्पर्श नाकारला गेला त्यांच्यापुढे 'स्पर्शाचा निरोध करा' असे शब्द ठेवणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवसापर्यंत सुचलेही नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या अपुऱ्या उत्तराची दुरुस्ती होय.

प्रथम मूळ व्याख्या पाहू. मज्झिम निकायातील मधुपिण्डिक सुत्तात महाकच्चान आणि छछक्क सुत्तात स्वतः तथागत फस्साची एकच व्याख्या देतात. डोळा आणि रूप यांच्या आश्रयाने चक्षुविज्ञान उत्पन्न होते. इंद्रिय, विषय आणि विज्ञान या तिघांचे एकत्र येणे म्हणजे फस्स. कान, नाक, जीभ, काया आणि मन यांनाही हीच व्याख्या लागू केलेली आहे. म्हणजे फस्स सहा प्रकारचा आहे आणि कातडीला होणारा स्पर्श हा त्या सहांपैकी केवळ एका प्रकाराचा प्रसंग आहे. त्वचेच्या विषयाला पालित स्वतंत्र शब्द आहे, 'फोट्ठब्ब'. फस्स आणि फोट्ठब्ब हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले खरे, परंतु सुत्तांत आणि अभिधम्मात त्यांची कधीही गल्लत होत नाही. मराठीत मात्र दोहोंसाठी आपण एकच शब्द ठेवला आहे, आणि तोही असा की जो ऐकताच मनात 'शिवणे', 'शिवाशिव', 'विटाळ' हे शब्द जागे व्हावेत.

मिलिन्दपञ्हात राजा मिलिन्द फस्साचे लक्षण विचारतो तेव्हा नागसेन टक्कर घेणाऱ्या दोन मेंढ्यांची उपमा देतो. एक मेंढा म्हणजे डोळा, दुसरा म्हणजे रूप आणि त्यांची धडक म्हणजे फस्स. पुढे टाळी वाजवणारे दोन हात आणि दोन झांजा येतात. ही उपमा प्रवचनकारांची आवडती आहे व ती ध्यानात राहते यात शंका नाही. परंतु तिच्यात एक उणीव आहे आणि ती सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. व्याख्येत तिघे आहेत, उपमेत दोघेच उरतात. विज्ञान हा तिसरा घटक मेंढ्यांच्या टकरीत कोठेच दिसत नाही. परिणामी ऐकणाऱ्याचा असा समज होतो की वस्तू येऊन इंद्रियावर आदळली की फस्स झाला. न्यायदर्शनातील इंद्रियार्थसंनिकर्षाची कल्पना याच वळणाची आहे. तेथे तर डोळ्यातून किरण निघून तो वस्तूपर्यंत पोहोचतो असे मानले गेले. बौद्ध अभिधर्माने हे नाकारले. डोळा आणि कान हे विषयापर्यंत न पोहोचताच त्याचे ग्रहण करतात, असे अट्ठसालिनी आणि अभिधर्मकोश हे भिन्न परंपरांचे दोन्ही ग्रंथ सांगतात. चक्षुफस्सात कोणीच कोणाला शिवत नाही. एखादा मनुष्य आंबट फळ खाताना दिसला की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे उदाहरण अभिधम्माच्या टीकाकारांनी याच संदर्भात दिले आहे. फळ दुसऱ्याच्या जिभेवर आहे आणि लाळ आपल्या तोंडात.

तिसऱ्या घटकाचे महत्त्व सारिपुत्ताने महाहत्थिपदोपम सुत्तात आणखी स्पष्ट केले आहे. डोळा शाबूत असला, रूप समोर आले, तरी त्याला अनुरूप असे अवधान नसेल तर विज्ञानाचा तो भाग प्रकट होत नाही. या ठिकाणी एक परदेशी उदाहरण आठवते. 5 एप्रिल 1887 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया येथे अ‍ॅन सुलिव्हन या शिक्षिकेने हेलन केलर या अंध व बधिर मुलीचा एक हात पंपाच्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर 'पाणी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे बोटांनी लिहिली. पाणी त्या मुलीच्या हाताला पूर्वीही लागले होते, अक्षरेही पूर्वी तळहातावर उमटली होती. त्या क्षणी दोहोंवर एकत्र अवधान गेले आणि या अक्षरांना अर्थ आहे हे तिला कळले. इंद्रिय तेच, विषय तोच. तिसरा घटक आला तेव्हा ज्ञान झाले.

आता फोट्ठब्बाकडे, म्हणजे खऱ्या अर्थाने त्वचेच्या स्पर्शाकडे, वळू. येथे अभिधम्माची भूमिका फार मनोवेधक आहे आणि आपल्याकडे तिची चर्चा जवळजवळ होत नाही. डोळ्याचे संवेदनक्षम द्रव्य डोळ्यापुरते, कानाचे कानापुरते. परंतु कायप्रसाद हा कापसात मुरलेल्या तेलाप्रमाणे सर्व शरीरभर व्यापून असतो, असे विसुद्धिमग्ग सांगतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाच इंद्रियविज्ञानांपैकी पहिली चार उपेक्षा-वेदनेसह उत्पन्न होतात, आणि केवळ कायविज्ञान सुखासह किंवा दुःखासह उत्पन्न होते. असे का, याचे स्पष्टीकरण अट्ठसालिनीने ऐरणीच्या उपमेने केले आहे. ऐरणीवर कापसाचा पिंजलेला गोळा ठेवून त्यावर दुसऱ्या कापसाच्या गोळ्याने मारले तर आघात हलका होतो. पण हातोड्याने मारले तर हातोडा कापसाला भेदून थेट ऐरणीवर बसतो. रूप, शब्द, गंध, रस हे उपादायरूप, म्हणजे कापूस. स्पर्शाचा विषय म्हणजे साक्षात महाभूते, म्हणजे हातोडा. डोळ्याने जे पाहिले ते बरे की वाईट हे नंतर ठरते. अंगाला जे लागले ते लागताच दुखते किंवा सुखावते. मनुष्यप्राणी स्पर्शातून जे शिकतो ते इतके खोल का रुतते, हे या उपमेत ज्या अचूकपणे आले आहे तसे अन्यत्र क्वचितच येते.

येथे एक इशारा देणे भाग आहे. 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना तापमानाच्या व स्पर्शाच्या ग्राहकांच्या शोधाबद्दल मिळाले. उष्णता आणि दाब यांचे ग्राहक वेगवेगळे आहेत हे त्यांच्या कामातून दिसले. अभिधम्मातही तेजोधातू आणि वायोधातू वेगळे मानले आहेत, म्हणून हा शोध आपल्याकडे आधीच लागला होता असे म्हणण्याचा मोह काहींना होईल. ग्रंथांना न शोभणारी ही स्तुती आपण करू नये. पेशीतील प्रथिनांचा शोध प्रयोगशाळेत लागतो. अभिधम्माचे काम अनुभवाचे पृथक्करण हे आहे, आणि ते त्याने चोख केले आहे.

या पृथक्करणात एक गोष्ट अशी आहे की ती प्रथम वाचली तेव्हा आम्ही थबकलो. धम्मसङ्गणीनुसार फोट्ठब्बात पृथ्वी, तेज आणि वायू या तीनच महाभूतांचा समावेश होतो. आपोधातूचा, म्हणजे जलतत्त्वाचा, होत नाही. पाण्यात हात घातला असता जो मऊपणा जाणवतो ती पृथ्वी, जो गारवा जाणवतो ते तेज, जो दाब जाणवतो तो वायू. आपोधातूचे लक्षण पाझरणे आणि कणांना बांधून धरणे हे होय, व ते केवळ मनाने जाणले जाते. थेरवादाच्या मते जलतत्त्व हे मूळातच स्पर्शाचा विषय नाही. सर्वास्तिवाद्यांना हे मान्य नव्हते. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात स्प्रष्टव्याचे अकरा प्रकार आहेत व त्यांत चारही महाभूते येतात. ते असो. परंतु ज्या समाजाला पाण्याला हात लावू नये म्हणून हजारो वर्षे दूर ठेवले गेले, त्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्याने धम्मसङ्गणीतील हे स्थळ वाचावे आणि त्याला 20 मार्च 1927 ची आठवण होऊ नये, हे शक्य नाही. महाडचे चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव तेथील नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. प्रत्यक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्याल्यावर ते बाटले असे ठरले आणि पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. त्या तळ्यावर पशू येत, पक्षी येत, परधर्मीय येत. बाबासाहेबांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडलाच स्पष्ट केले की तळ्याचे पाणी प्याल्याने आम्ही अमर होणार नाही. आम्हीही माणसे आहोत हे स्थापित करण्यासाठी आम्ही तेथे जात आहोत. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास 17 मार्च 1937 हा दिवस उजाडावा लागला. अभिधम्मकारांनी आपोधातूची व्याख्या जातीभेदाला उद्देशून केलेली नाही, हे आम्ही जाणतो. हा संबंध आम्ही जोडीत आहोत. तथापि पाण्याला काय चिकटले होते, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. हात जर त्या पाण्याच्या जलतत्त्वापर्यंत पोहोचतच नसेल, तर बाटले ते काय?

वसुबंधूच्या अकरा प्रकारांत आणखी दोन नावे आहेत ज्यांकडे सहसा लक्ष जात नाही. भूक आणि तहान हीही स्प्रष्टव्ये म्हणजे स्पर्शाचे विषय मानलेली आहेत. 1990 मध्ये पुस्तिकारूपाने प्रकाशित झालेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतील अनुभव सांगितला आहे. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसणे, बसण्याचे गोणपाट रोज घरून आणणे व परत नेणे, कारण झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी नाही. शिपाई नाही तर पाणी नाही. त्या मुलाला नळाचा स्पर्श निषिद्ध होता. तहानेचा स्पर्श मात्र कोणालाही निषिद्ध करता आला नाही.

आता उपासिकेच्या प्रश्नाकडे येऊ. तो दुकानदार स्पर्शातून सुटला होता काय? याचे उत्तर जातककथांत इतक्या स्पष्टपणे आहे की आम्हांस ते वर्गातच कसे आठवले नाही याचे नवल वाटते. मातङ्ग जातकात वाराणसीच्या श्रेष्ठीची कन्या दिट्ठमङ्गलिका मातङ्ग नावाच्या चांडाळाला केवळ पाहते आणि सुगंधी पाण्याने डोळे धुते. चित्तसम्भूत जातकात उज्जेनीच्या दोन मुली दोन चांडाळ भावांना पाहून हेच करतात आणि त्या भावांना लोकांचा मार खावा लागतो. पुढे ते ब्राह्मणवेषाने तक्कसिलेला शिकण्यास जातात. तेथे गरम पायसाने तोंड पोळताच मूळची बोली तोंडून निसटते आणि ओळख उघडी पडते. डोळे आणि भाषा. दोन्ही ठिकाणी त्वचा कोठेच नाही. सेतकेतु जातकात तर कहर आहे. वाराणसीच्या प्रख्यात आचार्यांचा हा ज्येष्ठ शिष्य, उच्च कुळाचा गर्व वाहणारा. वाटेत चांडाळ दिसताच त्याच्या अंगावरून आलेला वारा आपल्याला लागेल या भीतीने तो चांडाळाला वाऱ्याच्या खालच्या बाजूस जा म्हणून शिव्या देतो आणि स्वतः वरच्या बाजूस धावतो. चांडाळ त्याच्याहून वेगाने पुढे जाऊन वरच्या बाजूस उभा राहतो.

या सर्व कथांत 'अस्पृश्यता' आहे, पण स्पर्श कोठे आहे? डोळा धुण्याचा प्रसंग हा चक्षुफस्साचा आहे. वाऱ्यापासून पळण्याचा प्रसंग मनोफस्साचा आहे, कारण वारा लागण्यापूर्वीच सेतकेतू पळाला. मधुपिण्डिक सुत्ताचा क्रम येथे जसाच्या तसा लागू पडतो. फस्सामुळे वेदना, ज्याची वेदना होते त्याची संज्ञा होते, ज्याची संज्ञा होते त्याविषयी वितर्क, ज्याविषयी वितर्क त्याचा पपञ्च, आणि मग तो पपञ्चच त्या मनुष्यावर उलटतो. भदन्त कटुकुरुन्दे ञाणानन्द यांनी 1971 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या सुत्तातील व्याकरणाकडे लक्ष वेधले आहे. वेदनेपर्यंतची भाषा अव्यक्तिक आहे, अमुकामुळे अमुक होते अशी. त्यानंतर क्रियापदे कर्त्याची होतात, तो जाणतो, तो कल्पितो, तो पसरवतो. शेवटी तोच मनुष्य कर्म होऊन बसतो, त्याने पसरवलेल्या कल्पना त्याच्यावर चाल करून येतात. त्या दुकानदाराने नाण्यांवर शिंपडलेले पाणी या तिसऱ्या अवस्थेतील होते. नाण्यांवर त्याची स्वतःची संज्ञा बसलेली होती आणि ती तो धूत होता. फस्सातून सुटण्याचे सोडाच, तो दिवसभर फस्सातच बुडालेला होता. ज्याला शिवायचे नाही त्याची चाहूल घेत बसणे यापेक्षा मोठी फस्सतृष्णा कोणती? ज्या निरोधाविषयी बुद्धाने सांगितले तो या साखळीच्या अविद्येच्या टोकापासून होतो. अंग आखडून घेतल्याने होत नाही.

भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात 'अस्पृश्यता' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. म्हैसूर उच्च न्यायालयाने 1958 मध्ये यावरूनच असा अर्थ काढला की येथे शब्दाचा व्याकरणिक अर्थ अभिप्रेत नसून इतिहासातून वाढलेली प्रथा अभिप्रेत आहे. अलीकडच्या काळात गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांच्या 'द क्रॅक्ड मिरर' (2012) या इंग्रजी ग्रंथात या विषयाची तत्त्वज्ञानाच्या अंगाने चर्चा झाली. स्पर्श नाकारणारा स्वतःच स्पर्शापासून तुटतो, अस्पृश्यतेचे मूळ नाकारणाऱ्याच्या ठिकाणी शोधले पाहिजे, ही सरुक्काईंची दिशा आम्हांस महत्त्वाची वाटते. तिला पालि अभिधम्माची जोड देण्याचे काम आपल्या अभ्यासकांनी करावयास हवे. फस्स आणि फोट्ठब्ब यांतील भेद हे त्यासाठी तयार साधन आहे आणि ते आपण एका सैल भाषांतराखाली झाकून ठेवले आहे.

भाषांतराच्या सैलपणाचा दुसरा तोटा असा की स्पर्श म्हणजे मोहाचे द्वार, एवढाच बोध प्रवचनांतून उरतो. विनयातील कायसंसर्गाचा नियम त्यासाठी पुढे केला जातो. तो नियम वाचून पाहावा. भिक्खूने कामविकाराने ग्रासलेल्या चित्ताने स्त्रीच्या शरीराशी संसर्ग केला तर सङ्घादिसेस हा दोष होतो, असे तेथे आहे. दोष चित्ताच्या अवस्थेवर ठरतो. जन्माने कोणाचेही शरीर वर्ज्य असल्याची कल्पना त्यात शोधूनही सापडत नाही. उलट त्याच विनयपिटकात, महावग्गाच्या चीवरक्खन्धकात, अतिसाराने आजारी भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवले. इतर भिक्खूंनी त्याची शुश्रूषा का केली नव्हती, तर तो त्यांच्या कोणत्याच उपयोगाचा नव्हता म्हणून. घाणीची किळस हे कारण कोणी सांगितलेले नाही. हे स्थळ आम्हांस नेहमीच घाणीच्या वर्णनापेक्षा अधिक अस्वस्थ करते.

याहूनही शांत असे एक सुत्त संयुत्त निकायाच्या इन्द्रियसंयुत्तात आहे. सावत्थीच्या पुब्बारामात, मिगारमातेच्या प्रासादात, सायंकाळी तथागत पश्चिमेच्या उन्हात पाठ शेकीत बसले आहेत. आनंद येतो, वंदन करतो आणि हाताने त्यांचे अंग चोळू लागतो. चोळता चोळता त्याच्या लक्षात येते की त्वचेची पूर्वीची तुकतुकी गेली, अवयव सैल पडून सुरकुतले, शरीर पुढे वाकले. तो तसे बोलून दाखवतो, आणि तथागत म्हणतात की असेच आहे, तारुण्यातच जरा असते. जरामरणाची व्याख्या आनंदाने असंख्य वेळा ऐकली असेल. त्या दिवशी ती त्याच्या तळहाताला कळली. येथे स्पर्श मोहाचे द्वार नाही. धम्म शिकण्याचे आणि दोन माणसांनी एकमेकांशी बोलण्याचे ते साधन आहे. सुत्ताच्या मांडणीत आधी हात आहे आणि नंतर वाक्य.

शिकण्याचा विषय निघालाच आहे तर उदानातील हत्ती आणि जन्मांध यांच्या कथेबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ती शालेय पुस्तकांतून जशी सांगितली जाते तशी पालित नाही. प्रचलित रूपात आंधळे चाचपडतात, चुकतात आणि हशा पिकतो. स्पर्शाचे ज्ञान अपुरे, डोळ्याचे पुरे, असा धडा निघतो. पालित 'चाचपणे' हे क्रियापदच नाही. राजाच्या माणसाने त्यांना हत्ती 'दाखवला', असे तेथे म्हटले आहे, आणि राजा विचारतो तेव्हा ते 'पाहिला' म्हणून सांगतात. अंधाच्या हाताला पालिने दृष्टीचे क्रियापद बहाल केले आहे. मग चूक कोठे झाली? राजाच्या माणसाने एकाला डोके दाखवले, दुसऱ्याला कान, तिसऱ्याला सुळा, आणि प्रत्येकाला बजावले की हत्ती असा असतो. डोके दाखवून हत्ती असा असतो म्हणणारा शिक्षक डोळस होता! त्यानंतर घागर, सूप आणि नांगराचा फाळ यांवरून जी मारामारी झाली तिचे मूळ आंधळ्यांच्या बोटांत शोधणे अन्यायाचे आहे. लुई ब्रेल यांनी सहा उठावदार ठिपक्यांची आपली लिपी 1829 मध्ये प्रसिद्ध केली आणि 1951 पासून भारती ब्रेलमध्ये मराठीसह आपल्या भाषा वाचल्या जातात. बोट अक्षरामागून अक्षर घेत पुढे सरकते. पान उलटण्याची मुभा असली की त्याला अख्खा हत्ती सापडतो. आपल्या मुलांनाही कित्येक पिढ्या ग्रंथाचा एकेक अवयव दाखवून धर्म असा असतो म्हणून सांगण्यात आले होते.

राहता राहिला पर्यायाचा प्रश्न. 'संपर्क' हा शब्द सुचवला जातो. पण तो आज दूरध्वनीचा आणि कार्यालयाचा झाला आहे. 'संयोग' म्हटले तर वैशेषिकांचा गुण आठवतो, शिवाय बोलीत त्याला योगायोगाची छटा आहे. 'संनिकर्ष' हा न्यायाचा, आणि मेंढ्यांप्रमाणेच दोघांपुरता. 'संस्पर्श' त्यातल्या त्यात बरा, कारण पालितही 'चक्खुसम्फस्स' असे रूप येते. परंतु वृद्ध उपासिकेच्या कानाला 'संस्पर्श' आणि 'स्पर्श' यांत काय फरक पडणार? आमच्या मते 'फस्स' हा शब्द जसाच्या तसा ठेवावा. धम्म, सङ्घ, निब्बान हे शब्द आपल्या घराघरांत रुळले. त्यांचा अर्थ आपण उच्चारातून नव्हे तर विवरणातून शिकलो. फस्सही रुळेल. त्वचेच्या विषयासाठी 'स्पर्श' हा शब्द मोकळा ठेवावा, आणि त्याचा विचार आनंदाच्या हातापासून सुरू करावा, शिवाशिवीपासून नव्हे. आमच्या स्वतःच्या टिपणांत ही दुरुस्ती आम्ही केली आहे. जुन्या प्रती ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती करून घ्यावी ही विनंती.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही त्या उपासिकेला सेतकेतूची उरलेली गोष्ट सांगितली. चांडाळ त्याला विचारतो की दिशा कोणत्या. उत्तर आले नाही तर पायांखालून जावे लागेल. सेतकेतू पूर्व, दक्षिण अशा चार दिशा सांगतो. हे मी विचारले नव्हते, असे म्हणून चांडाळ त्याचा खांदा पकडतो, त्याला वाकवतो आणि आपल्या दोन पायांमधून पलीकडे काढतो. वाऱ्याला भ्यालेल्या माणसाला अखेर हात लागतो तो असा. शिष्य ही हकीकत आचार्यांना सांगतात, तेव्हा आचार्य सेतकेतूला त्या चांडाळावर रागावू नकोस, तो ज्ञानी आहे, असे सांगून आई-वडील, आचार्य अशा खऱ्या दिशा समजावतात. उपासिका लक्ष देऊन ऐकत होती. "त्या मान्साचं नाव काय हो, सर?" एवढेच तिने विचारले. जातकात त्याला नाव नाही. कथेच्या शेवटी समोधानात मात्र त्याची जागा सारिपुत्ताला दिलेली आहे, हे आम्ही तिला सांगितले.